हॉस्पिटल शिपवर नर्स म्हणून जायचंय? मग आधी सर्जिकल वॉर्ड मागून घे

कोरेगावच्या एका मुलीनं विचारलंय. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालाय, सांगलीत एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या आयसीयूत तीन वर्षं काढलीत, आता आफ्रिकेत जाणाऱ्या हॉस्पिटल शिपवर व्हॉलंटियर म्हणून जायचंय. तिचे प्रश्न असे की समुद्र लागेल का, इंग्लिश फाडफाड येत नाही तर चालेल का, पगार नाही म्हटल्यावर घरचे ऐकेनात त्यांना काय सांगू, आणि परत आल्यावर बाहेरच्या नोकरीला याचा उपयोग होतो का. वयानं तू माझ्या भाचीएवढी असशील म्हणून एकेरीत बोलते, राग मानू नको. मी मिरजेत शिकले, निम्मं आयुष्य सर्जिकल वॉर्डात गेलं आणि सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनच्या बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर वॉर्ड नर्स म्हणून राहून आलेय, त्या जोरावर सांगते.

समुद्राचं आधी उरकून टाकू कारण सगळे तेच पहिलं विचारतात. नाही लागत. आपण हॉस्पिटल शिप म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा मर्सी शिप्सबद्दलच बोलत असतो, 1978 साली सुरू झालेली संस्था आहे, सध्या दोन जहाजं. आफ्रिका मर्सी ही मुळात डेन्मार्कची रेल्वेचे डबे वाहणारी फेरी होती, तिचं हॉस्पिटल केलं आणि 2007 पासून ती कामाला लागली. दुसरी ग्लोबल मर्सी, ही पहिल्यापासूनच हॉस्पिटल म्हणून बांधली, 2021 ला ताब्यात मिळाली, 174 मीटर लांब, आत सहा ऑपरेशन थिएटर. ही जहाजं एका देशाच्या बंदरात येऊन धक्क्याला बांधली की वर्षातले आठ-दहा महिने तिथनं हलत नाहीत. भरती-ओहोटीनं जिना थोडा वर-खाली होतो इतकंच, आणि पहिले दोन दिवस कॅबिनमध्ये झोपताना जरा वेगळं वाटतं. कोयनेच्या लाँचमध्ये बसून बामणोलीहून कुठं गेली असशील तर त्यापेक्षा कमी हलतं. अमेरिकन नेव्हीची मर्सी आणि कम्फर्ट ही हजार-हजार खाटांची जहाजं वेगळी, ती सरकारी लष्करी भानगड आहे, नाव सारखं म्हणून गोंधळ करू नको. आणि क्रूझवरची नर्स ही तर पूर्ण वेगळी पगारी नोकरी.

आता तू जे विचारलं नाहीस पण सगळ्या प्रश्नांच्या खाली जे आहे ते. तुला वाटतंय आयसीयू केलंय म्हणजे आपण सगळ्यात आधी लागू पडणार, राहिलं ते इंग्लिश आणि पैशाचं. मला उलटं वाटतं. इंग्लिश जमून जाईल, पैशाचं गणित बसलं तर बसेल, पण तुझा हात वॉर्डचा आहे का हे मला तुझ्या प्रश्नातनं कळत नाही. जहाजावर छोटं आयसीयू असतं, नाही असं नाही, पण तिथलं बहुतेक काम म्हणजे ठरवून केलेली ऑपरेशनं आणि त्यानंतरची वॉर्डातली नर्सिंग. अपघात, हार्ट अटॅक, विषबाधा असलं काही घेऊन तिथं कोणी येत नाही. पेशंट आधी निवडलेले असतात, ज्यांचं काम जहाज जायच्या आत पूर्ण होऊन फॉलोअपही होईल असेच घेतात. बाकीच्यांना नाही म्हणावं लागतं, आणि हे नाही म्हणणं निवडीच्या टीममधल्या नर्सेसच्याच वाट्याला येतं, ते फार अवघड काम आहे, नवीन माणसानं तिथं हट्ट धरून जाऊ नये असं माझं मत.

केसेस कसल्या ते सांगते म्हणजे मुद्दा कळेल. जबड्याचे ट्यूमर, अमेलोब्लास्टोमा. कॅन्सर नव्हे, पण हळूहळू वाढत नारळाएवढा होतो आणि शेवटी खाणं नाहीतर श्वास बंद करून माणूस मारतो. आपल्याकडं इतका वाढेपर्यंत कोणी ना कोणी मिरजेला आणून टाकतं, तिकडं सर्जनच नसतो म्हणून वाढत राहतो. जबडा काढून प्लेट टाकली की पुढं नाकातली नळी, कधी ट्रॅकिओस्टॉमी म्हणजे गळ्याला भोक पाडून घातलेली श्वासाची नळी, सक्शन म्हणजे मशीननं कफ-लाळ ओढून काढणं, तोंडाची स्वच्छता दर काही तासांनी, आणि माणूस बोलू शकत नाही. इथं तुझं आयसीयू कामाला येईल, सक्शनचा हात असेलच. पण आयसीयूत पेशंट गुंगीच्या औषधावर असतो, इथं तो टक्क जागा असतो, घाबरलेला असतो, आणि आरशात बघायला मागतो.

दुसरं फिस्टुला, म्हणजे लघवीची पिशवी आणि योनीमार्ग यांच्यामध्ये पडलेलं भोक. बाळंतपण दोन-दोन दिवस अडतं, सिझेरियनची सोय नाही, मूल बहुतेकदा दगावतंच आणि आईला लघवी सतत गळायची व्याधी लागते, मग नवरा सोडतो, गाव लांब ठेवतं. ऑपरेशन सर्जन करतो पण ते टिकणार की नाही हे बरंचसं कॅथेटरवर, म्हणजे लघवीच्या नळीवर ठरतं, आणि कॅथेटर नर्सच्या हातात असतो. सुमारे दोन आठवडे तो वाहता राहिला पाहिजे, एकदा ब्लॉक होऊन ब्लॅडर ताणलं तर शिवलेलं उसवू शकतं. म्हणजे काय करायचं, तर नळी पिळगटली नाही ना, पेशंट त्याच्यावर झोपली नाही ना, पिशवीत गेल्या तासाभरात काही उतरलं का, पाणी भरपूर पितीय का, अंथरूण कोरडं आहे का. रात्री तीन वाजता पण. यात कुठलंही मशीन नाही, मॉनिटर वाजत नाही, कोणी बघत नाही, आणि हेच काम आहे. बरी होऊन जाताना या बायकांना नवा ड्रेस देतात आणि वॉर्डात ढोल-गाणी होतात, ती गंमत बघायला थिएटरची माणसंसुद्धा खाली येतात.

मग भाजून आखडलेले हात-माना, त्यांचं कॉन्ट्रॅक्चर सोडवून स्किन ग्राफ्ट. ग्राफ्टपेक्षा जिथनं कातडी घेतली ती मांडी जास्त दुखते हे ज्यानं वॉर्डात काम केलंय त्याला सांगावं लागत नाही, आयसीयूवाल्याला सांगावं लागतं. शिवाय वाकड्या पायांची मुलं, हाड कापून सरळ करून दोन्ही पाय प्लॅस्टरमध्ये. तिथं दर थोड्या वेळानं बोटं गरम आहेत का, हलवतोय का, दाबल्यावर रंग परत येतो का हे बघायचं आणि मूल औषध देऊनही रडायचं थांबत नसेल तर हट्टी आहे म्हणून सोडायचं नाही, प्लॅस्टरच्या आत सूज वाढत असू शकते. गलगंड, हर्निया, फाटलेले ओठ हे तर रोजचंच. ओठ फाटलेलं बाळ दूध ओढू शकत नाही म्हणून इतकं हडकलेलं येतं की आधी काही आठवडे आईला चमच्या-वाटीनं पाजायला शिकवून वजन वाढवायचं आणि मग ऑपरेशन.

आता खरं सांग, यातलं किती काम तू स्वतःच्या हातानं करतेस? तुला बोल लावत नाही, आपली सिस्टीमच तशी आहे. आपल्याकडं एका सिस्टरच्या अंगावर तीस-चाळीस पेशंट, मग ती इंजेक्शनं आणि फाइली करते, अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, चालवणं हे मावशी नाहीतर नातेवाईक करतात. तिथं एका नर्सकडं चार-पाच पेशंट असतात आणि मावशी नाही. लहान मुलाबरोबर आई असते, ती खाटेखाली गादी टाकून झोपते अगदी आपल्या सिव्हिलसारखं, पण काम तुझं. युरोपातनं-अमेरिकेतनं आलेल्या नर्सेसना हे लहानपणापासूनच माहीत असल्यासारखं येतं, आपल्या मुली पहिल्या आठवड्यात बुजतात. अक्कल कमी असते म्हणून नाही, कोणी करू दिलेलं नसतं म्हणून. म्हणून माझा सल्ला एकच, नवा कोर्स लावू नको, इन्चार्जला सांगून सहा महिने-वर्ष सर्जिकल नाहीतर प्लास्टिक-ऑर्थोच्या वॉर्डात बदली मागून घे. घरचे आणि मैत्रिणी म्हणतील आयसीयू सोडून खाली का चाललीस, म्हणू देत. तिथं रोज दोन पेशंट ठरवून पूर्ण स्वतः कर, डोक्यापासून पायापर्यंत, मावशीला हात लावू देऊ नको. मावशी हसतील.

इंग्लिशचं म्हणशील तर जहाजावर कामाची भाषा इंग्लिशच आहे, हँडओव्हर म्हणजे पाळी बदलताना पेशंट सोपवणं, चार्टिंग म्हणजे नोंदी लिहिणं, सगळं. पण फाडफाड लागत नाही, स्पष्ट लागतं. खरी अडचण भाषेपेक्षा औषधांच्या नावांची होते. आपण इथं मोनोसेफ लाव, व्होव्हेरॉन मार, एमसेट दे असं ब्रँडनं बोलतो, तिथं ही नावं कोणालाच कळत नाहीत. सेफ्ट्रायॅक्सोन, डायक्लोफेनॅक, ऑन्डॅन्सेट्रॉन असंच बोलायची सवय आजपासून लाव. त्यातही शेजारी अमेरिकन असेल तर ती पॅरासिटामॉलला अॅसिटामिनोफेन म्हणणार, अॅड्रेनालिनला एपिनेफ्रिन, साल्बुटामॉलला अल्ब्युटेरॉल. हे एकदा कागदावर लिहून खिशात ठेव. मुलांचे डोस वजनावर काढणं कॅल्क्युलेटरनं नाही तर आधी डोक्यात जमलं पाहिजे, कारण तिथं दुसरी नर्स वेगळं गणित करून तुझ्याशी ताडून बघते आणि मगच औषध जातं.

पेशंटशी मात्र इंग्लिशही चालत नाही. सिएरा लिओनमध्ये क्रिओ, मादागास्करला मालागासी, सेनेगलला वोलोफ आणि फ्रेंच. वॉर्डात स्थानिक मुलं-मुली दुभाषे म्हणून पगारावर असतात, आणि पुढचं तुझं सगळं काम त्यांच्यामार्फत. याची सवय लागते. दुभाष्याकडं बघून बोलायचं नाही, पेशंटकडं बघून बोलायचं, वाक्य छोटं ठेवायचं, आणि सांगून झालं की पेशंटकडनं परत वदवून घ्यायचं. समजलं का विचारलं की जगात सगळीकडं माणसं हो म्हणतात, इस्लामपूरलाही आणि फ्रीटाउनलाही. बाईला कॅथेटरबद्दल विचारताना दुभाषी मुलगी आहे की पोरगा हे बघायचं, पोरगा असेल तर ती काहीच सांगणार नाही.

आपल्यापेक्षा वेगळं काय बघावं लागतं तर ऑपरेशननंतर ताप आला की आपण छाती, लघवी, जखम असं शोधत जातो, तिथं त्याच्या जोडीला लगेच मलेरियाची टेस्ट. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार तिथं भरपूर, आपल्याकडं नंदुरबार-गडचिरोलीकडं काम केलेल्या सिस्टरांना माहिती असतं, साताऱ्या-सांगलीच्या आपल्याला पुस्तकातलंच. आणि रक्त. शहरात हवं तेव्हा ब्लड बँकेतनं पिशवी मिळेल असं नसतं, म्हणून जहाजावरचा स्टाफच रक्तदाता असतो, तुझा ग्रुप नोंदवून ठेवतात आणि गरज पडली की हाक येते. काल ज्याला रक्त दिलं त्याचं बीपी आज तूच घेतेस असंही होतं.

एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. आपल्याकडं सरांनी सांगितलं की हो सर. तिथं सर्जनला नावानं हाक मारतात आणि तुला पटलं नाही तर विचारणं हे तुझं काम धरलं जातं. पेशंट बरा वाटत नाही म्हणून फोन केलास आणि काही निघालं नाही तर कोणी खेकसत नाही, पण वाटत असून फोन केला नाहीस तर मात्र विचारतात. दहा-पंधरा वर्षं खालमानेनं काम केलेल्या सिस्टरांना हे जड जातं, तुला तीनच वर्षं झालीत, लवकर जमेल.

धर्माचं कोणीतरी विचारणारच. ख्रिस्ती श्रद्धेवर चाललेली संस्था आहे, वॉर्डात प्रार्थना होते, वातावरण तसं असतं. उपचार कुठल्याही धर्माच्या माणसाला, आणि पेशंटमध्ये मुसलमान खूप. मिरजेत 1894 पासूनचा, वानलेस या मिशनरी डॉक्टरसाहेबांचा मिशन दवाखाना बघत वाढलेल्या आमच्यासारख्यांना यात नवल वाटत नाही, तुला चालणार आहे का हे तू ठरव, आणि चालणार नसेल तर जाऊन तोंड वाकडं करण्यापेक्षा न जाणं बरं. कॅबिन शेअरिंगची, बंकबेड, एकांत कमी. जेवण मेसमध्ये, शाकाहारी असलीस तरी पोट भरतं पण जीव भरत नाही. लसणीची चटणी आणि थोडं मेतकूट न्यायचं.

पैशाचं सरळ बोलू. पगार नाहीच. तिकीट, व्हिसा, इन्शुरन्स, लसी आपल्या खिशातनं, आणि जहाजावर राहण्या-जेवण्याचे पैसे भरावे लागतात का ते अर्ज करताना विचारून घे. किती दिवस जायचं हे कामाच्या प्रकारावर ठरतं, काही जागा थोड्या आठवड्यांच्या असतात, काहींना महिने द्यावे लागतात, सुरुवातीला थोडा काळच घे. तर हिशोब असा मांड: तिथला खर्च, अधिक इथं तेवढे दिवस न मिळालेला पगार, अधिक घरी तुझ्या पगारावर जे चालतं ते. कर्जाचा हप्ता तुझ्या नावावर असेल, भावाची फी तू भरत असशील, तर आत्ता जाऊ नको, स्पष्ट सांगते. तुला समाजसेवा करायचीय म्हणून घरच्यांनी उसनवारी करायची हे मला पटत नाही. काही जणी नात्यात, गावच्या मंडळाकडनं, रोटरीकडनं मदत मागतात, त्यात लाज काही नाही, पण परत येऊन हिशोब दाखवायची तयारी ठेव. घरच्यांना नुसतं सेवा सेवा म्हणून समजावू नको, आईबापांना पैशाचा कागद आणि परतीची तारीख दाखवली की निम्मा विरोध कमी होतो. उरलेला निम्मा लग्नाचा असतो, त्यावर माझ्याकडं औषध नाही.

कागदपत्रांत एक अडचण आपल्या भागात फार येते. बऱ्याच प्रायव्हेट हॉस्पिटलांत बाँडच्या नावाखाली ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेतात. माझ्या वॉर्डातल्या एकीला असल्याच एका ठिकाणाहून कागद काढायला इतके महिने लागले की तिची जायची तारीखच गेली. तेव्हा अर्जाच्या आधी कागद हातात घे. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे ना आणि परदेशात असताना रिन्यूअलची तारीख येत नाही ना ते बघ. रजिस्ट्रेशननंतरचा किमान दोन वर्षांचा अनुभव साधारण मागतात, तो तुझा आहे. सरकारी नोकरीत असतीस तर परदेशी जायची परवानगी वेगळी काढावी लागली असती. यलो फीव्हरची लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते, मुंबईला आहेत, प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यायची, आणि ते पिवळं कार्ड जपून ठेव कारण परत येताना ते नसेल तर आपल्याच विमानतळावर 6 दिवसांपर्यंत क्वारंटाइन करतात. अंड्याची जोरदार अॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरला सांग. मलेरियाच्या गोळ्या तिथं असेपर्यंत आणि आल्यावरही सांगतील तितके दिवस. आणि हो, कोणी एजंट हॉस्पिटल शिपवर लावतो म्हणून पैसे मागत असेल तर तो फसवतोय, इथं अर्ज थेट संस्थेकडंच करायचा असतो.

बाहेरच्या नोकरीचं काय. यूके, जर्मनी, गल्फ हेच डोळ्यासमोर असेल तर हा रस्ता लांबचा आहे. तिथं भाषेची परीक्षा आणि पगारी अनुभव बघतात, व्हॉलंटियरचे काही आठवडे असले तर मुलाखतीत बोलायला विषय मिळतो, त्यापलीकडं फार नाही. तेवढेच पैसे आयईएलटीएस या इंग्लिशच्या परीक्षेच्या नाहीतर जर्मनच्या क्लासला घाल. यात चूक बरोबर काही नाही, फक्त दोन्ही एकात होईल असं समजून निघू नको.

आणि नक्की ठरत नसेल तर आधी जवळ करून बघ. लाइफलाइन एक्स्प्रेस ही आपली हॉस्पिटल ट्रेन 1991 पासून चालू आहे, फाटलेले ओठ, मोतीबिंदू, कान, पोलिओची ऑपरेशनं, एका स्टेशनवर काही आठवडे मुक्काम, पद्धत बरीचशी जहाजासारखीच. आसामात ब्रह्मपुत्रेवर बोट क्लिनिक चालतात. आणि लांब कशाला, 2019 च्या महापुरात सांगलीत जे कॅम्प लागले तिथं काम केलेल्या पोरींना विचार. इन्शुलिन घरात पाण्याखाली गेलेले पेशंट, डायलिसिसची वेळ चुकलेले, नववा महिना भरलेल्या बायका, पायाला जखमा घेऊन चिखलातनं आलेली माणसं, लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटणं, आणि रात्री शाळेच्या फरशीवर झोपणं. ते जिला जमलं आणि परत जावंसं वाटलं तिला जहाजही जमेल. जिला तीन दिवसांत नको झालं तिनं तिकिटाचे पैसे वाचवावेत.

अर्जात रेफरन्स मागतात तिथं एचआरचं किंवा मोठ्या डॉक्टरसाहेबांचं नाव घालायचा मोह होईल. घालू नको. जिच्या हाताखाली रोज काम करतेस त्या इन्चार्ज सिस्टरचं नाव दे, आणि तिला आधी सांगून ठेव, कारण ते लोक तुझ्या कामाबद्दल बारीकसारीक विचारतात, रात्रपाळीत कशी वागते, चुकलं तर सांगते का लपवते, आणि हे एचआरला माहीत नसतं.